ऑब्जेक्टला मूठमाती कुणी द्यायची?

सकाळी तिकीटखिडकी उघडते तेव्हा तिथला संगणक तरतरीत असतो. दुपारपर्यंत रांग वाढते आणि तो रेंगाळू लागतो. सकाळी बटण दाबताच निघणारे तिकीट आता दाबणाऱ्याचा अंत पाहते. मग रांगेतलाच कुणी जाणकार सल्ला देतो, ‘अहो, एकदा बंद करून चालू करा ना.’ हा उपाय बहुतेक वेळा लागूही पडतो. बँकेत, एसटीच्या आरक्षण खिडकीवर, घरच्या मोबाइलवर, सगळीकडे हाच काढा. यात कुणी तार बदललेली नसते की प्रोग्रॅममधली एखादी ओळ सुधारलेली नसते. तरीही संगणक पुन्हा पळू लागतो, तो कसा काय?

बरेचदा कारण असे असते, की सकाळपासून त्या प्रोग्रॅमने मेमरीत हजारो लहानमोठ्या वस्तू तयार करून ठेवलेल्या असतात. त्यांतल्या बहुतेकांचे काम केव्हाच संपलेले असते, पण त्यांना निरोप कुणी दिलेला नसतो, म्हणून त्या जागा अडवून बसतात. संगणक बंद केला की कामाच्या, बिनकामाच्या सगळ्यांचा एकदम निकाल लागतो आणि पाटी कोरी होते. आजचे बहुतेक मोठे प्रोग्रॅम ज्या पद्धतीने लिहिले जातात तिला ऑब्जेक्ट-ओरिएंटेड म्हणतात आणि या वस्तूंना ऑब्जेक्ट. ऑब्जेक्ट जन्माला घालणे सोपे, कारण त्यासाठी लागणारी सगळी माहिती त्या क्षणी एका जागी हजर असते. ते संपवणे कठीण, कारण त्यासाठी ‘याची यापुढे कुणालाच गरज नाही’ हे ठाऊक असावे लागते. ती माहिती प्रोग्रॅमभर विखुरलेली असते, आणि तिचा काही भाग तर अजून घडायचाच असतो. माझ्या मते गेल्या सहा दशकांत संगणकभाषांनी या कामाची जबाबदारी इकडून तिकडे सरकवली आहे. ती नाहीशी कुणालाच करता आलेली नाही.

ठसा आणि नाणे

उदाहरणासाठी दौलताबादच्या किल्ल्याची तिकिटे देणारा एक छोटा प्रोग्रॅम कल्पू. त्यात ‘तिकीट’ म्हणजे काय याची एक व्याख्या असेल: तिकिटावर तारीख असते, माणसांची संख्या असते, रक्कम असते, ते तपासता येते, रद्द करता येते. या व्याख्येला क्लास म्हणतात. व्याख्या लिहिली म्हणून एकही तिकीट तयार होत नाही. रविवारच्या गर्दीत एखाद्या कुटुंबासाठी ठरावीक तारखेचे, ठरावीक रकमेचे जे प्रत्यक्ष तयार होते ते ऑब्जेक्ट.

दौलताबादच्याच इतिहासात याला चपखल बसणारा दाखला आहे. १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने राजधानी देवगिरीला आणली आणि गावाचे नाव दौलताबाद झाले. पुढे १३३० च्या आसपास त्याने तांब्या-पितळेची नाणी काढली आणि ती चांदीच्या टंक्याच्या मोलाने चालवावीत असा हुकूम सोडला. दौलताबादच्या टांकसाळीचे नाव असलेली अशी नाणी आजही संग्रहांत पाहायला मिळतात. नाण्याचा ठसा म्हणजे क्लास आणि नाणे म्हणजे ऑब्जेक्ट. ठसा बाजारात चालत नाही, नाणे चालते, आणि एका ठशाने हवी तेवढी नाणी पाडता येतात. घोडे अडले ते नाणी परत घेताना. बनावट नाणी पाडणे सोपे असल्याने बाजारात त्यांचा सुळसुळाट झाला, लोकांचा विश्वास उडाला आणि दोन-तीन वर्षांतच सुलतानाला ती खजिन्यात परत घेऊन बदल्यात सोने-चांदी मोजावी लागली. परत आलेल्या नाण्यांचे ढीग तुघलकाबादेत पडून होते, असे त्या काळचा इतिहासकार झियाउद्दीन बरनी लिहितो. किती नाणी कुणाच्या कनवटीला आहेत हे टांकसाळीत बसून कळण्याची सोयच नव्हती. ‘तुघलकी कारभार’ म्हणून आपण हसतो खरे, पण भराभर ऑब्जेक्ट पाडत सुटणारे आणि ते परत कसे घ्यायचे याचा विचारच न करणारे प्रोग्रॅम आजही धडाक्याने लिहिले जातात.

जागा आधी, रूप मागून

क्लास आणि त्यापासून ऑब्जेक्ट घडवणारी ‘न्यू’ ही आज्ञा, दोन्हींचा उगम ओस्लोत ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन निगार्ड यांनी घडवलेल्या सिम्युला या भाषेत आहे. तिची १९६७ ची आवृत्ती प्रसिद्ध आहे. रांगा, गिऱ्हाइके, कारखान्यातली कामे यांची नक्कल संगणकावर करून पाहायची, हा त्या भाषेचा हेतू होता. म्हणजे येणारे-जाणारे गिऱ्हाईक हे ऑब्जेक्टचे अगदी मूळचे रूप आहे.

‘न्यू तिकीट’ ही आज्ञा आली की काय घडते, ते जावा या भाषेत पाहू. मेमरीच्या ज्या भागात ऑब्जेक्ट राहतात त्याला हीप म्हणतात. आधी तिथे जागा शोधली जाते. किती जागा लागणार हे क्लासवरून ठरलेलेच असते: तारीख, संख्या, रक्कम यांचे रकाने आणि शिवाय ‘मी तिकीट या जातीचे’ अशी ओळख सांगणारा सुरुवातीचा, साधारणपणे १२ किंवा १६ बाइटचा तुकडा. मग रकान्यांत शून्ये भरली जातात, म्हणजे त्या जागेत आधी राहून गेलेल्याची शिळी माहिती नव्या तिकिटावर उमटू नये. सी प्लस प्लस या भाषेत ही झाडलोट आपोआप होईलच असे नाही, आणि तिथल्या कितीतरी विचित्र चुकांचे मूळ तेवढ्यातच असते. जागा तयार झाली की कन्स्ट्रक्टर नावाचा कोड चालतो. तो खरी माहिती भरतो आणि भरण्यापूर्वी ती पारखूनही घेऊ शकतो. तारीख उलटून गेलेली तर नाही? माणसांची संख्या शून्य तर नाही? भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्मारकांत १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, मग रकमेत त्यांना धरलेले तर नाही? सगळे ठीक असेल तर शेवटी त्या जागेचा पत्ता मागणाऱ्याच्या हाती पडतो. या पत्त्याला रेफरन्स म्हणतात. प्रोग्रॅमच्या हाती तिकीट कधीच येत नाही, येतो तो तिकिटाचा पत्ता. पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

त्याआधी एक बारकावा. ‘परदेशी पर्यटकाचे तिकीट’ असा क्लास ‘तिकीट’ या क्लासवर बेतलेला असेल, तर आधी साध्या तिकिटाचा भाग घडतो, मग परदेशी पर्यटकाचा. सी प्लस प्लसमध्ये मोडताना क्रम बरोबर उलटा असतो. घडवताना मध्येच अडचण आली, समजा तारीखच चुकीची निघाली, तर तोवर घडलेले भाग उलट्या क्रमाने मोडले जातात, पण त्या तिकिटाचा अंत्यविधी करणारा कोड चालत नाही. जे पुरते जन्मलेच नाही त्याला मरणही नाही, असा हा काटेकोर हिशेब. जन्माच्या बाबतीत भाषा किती नेमक्या असू शकतात, हे यातून दिसते.

डिलीट म्हणजे पुसणे नव्हे

बिआर्ने स्ट्राउस्ट्रुप केंब्रिजमध्ये पीएच.डी. करत असताना त्यांनी सिम्युलात एक मोठा प्रोग्रॅम लिहिला होता. त्या भाषेत बिनकामाचे ऑब्जेक्ट शोधून उचलण्याचे काम भाषेचीच यंत्रणा करत असे. स्ट्राउस्ट्रुप यांनी नोंदवले आहे, की त्यांच्या प्रोग्रॅमचा ८० टक्क्यांहून अधिक वेळ या यंत्रणेतच जात होता, आणि उचलण्यासारखा कचरा तर मुळात तयारच होत नव्हता. १९७९ मध्ये बेल लॅब्जमध्ये त्यांनी जी भाषा घडवायला घेतली आणि जिची पुढे सी प्लस प्लस झाली, तिच्यात हे काम प्रोग्रॅमरकडे सोपवलेले आहे. ‘न्यू’ म्हणून जे घडवाल ते ‘डिलीट’ म्हणून तुम्हीच संपवा. डिलीट म्हटले की आधी डिस्ट्रक्टर नावाचा कोड चालतो. ऑब्जेक्टने उघडलेल्या फाइल बंद करायच्या, घेतलेली कुलपे सोडायची, अशी आवराआवर तो करतो. मग ती जागा ‘मोकळी’ म्हणून नोंदली जाते. फक्त नोंदली जाते. तिकिटावरची तारीख, रक्कम तिथे तशीच पडून असण्याचा संभव असतो, नवे कुणी राहायला येईपर्यंत.

आता आपल्या प्रोग्रॅममध्ये एक तिकीट दोन ठिकाणी नोंदलेले आहे असे धरू: ‘आजची तिकिटे’ या यादीत आणि ग्राहकाच्या ‘माझी तिकिटे’ या यादीत. दोन्हीकडे एकाच जागेचा पत्ता आहे. संध्याकाळी किल्ला बंद झाला आणि पहिल्या यादीने तिकीट डिलीट केले. दुसऱ्या यादीच्या हातात पत्ता अजून आहेच. ग्राहकाने ‘माझी तिकिटे’ उघडली की प्रोग्रॅम त्या पत्त्यावर जातो. तिथे जुने तिकीट दिसेल, दुसऱ्याच कुणाचे दिसेल किंवा प्रोग्रॅम कोसळेल. काहीही घडू शकते. कुणी वाईट हेतूने त्या मोकळ्या जागी आपली माहिती आणून बसवली, तर प्रोग्रॅम तिलाच तिकीट समजून कामाला लागतो. ही भीती कागदावरची नाही. क्रोम ब्राउझर ज्यावर उभा आहे त्या क्रोमियम प्रकल्पाने २०१५ पासूनचे आपले ९१२ गंभीर सुरक्षादोष तपासले, तेव्हा सुमारे ७० टक्के दोष मेमरी हाताळण्यातल्या चुकांचे निघाले आणि त्यांतले निम्मे नेमके याच जातीचे होते: संपवलेल्या ऑब्जेक्टचा वापर. उलट, दोन्ही याद्यांनी ‘दुसरी करील डिलीट’ म्हणून हात झटकले, तर तिकीट कायमचे पडून राहते. आपला दुपारचा रेंगाळणारा संगणक हा त्याचाच नमुना.

हे सगळे प्रोग्रॅमरच्या निष्काळजीपणामुळे होते, असे म्हणणारा पक्ष आहे. चांगला प्रोग्रॅमर अशी चूक करत नाही, असे तो सांगतो. पण क्रोमियमसारख्या प्रकल्पावर काम करणारी माणसे काही शिकाऊ नव्हेत. दोन याद्या दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या वर्षी लिहिलेल्या असतात. पहिलीला दुसरीचे अस्तित्वही ठाऊक नसते. ‘अजून कुणाकडे पत्ता आहे का’ याचे उत्तर ज्याला द्यायचे त्याच्याकडे ते नसते, हा दोष व्यवस्थेचा आहे.

जिथे तो प्रश्नच येत नाही, तिथे सी प्लस प्लसचा मार्ग आजही अतिशय देखणा आहे, हेही सांगायला हवे. महिरपी कंसात घडवलेले साधे ऑब्जेक्ट कंस बंद होताच, त्याच ओळीला, न चुकता मोडते. मालक एकच आणि मुदत ठरलेली असली की संपवणेही जन्माइतकेच सोपे होते.

मोजदाद

पत्ते विखुरलेले आहेत ना, मग ते मोजू या, हा विचार १९६० मध्ये जॉर्ज कॉलिन्स यांनी मांडला. प्रत्येक ऑब्जेक्टसोबत एक आकडा ठेवायचा: आपला पत्ता किती जणांकडे आहे. कुणी नवा धरला की एक वाढवायचा, कुणी सोडला की एक कमी करायचा, शून्य झाला की त्याच क्षणी ऑब्जेक्ट संपवायचे. पायथॉन ही भाषा मुख्यतः याच रीतीने चालते. तिथे हा आकडा विचारताही येतो, आणि विचारणाराही त्या क्षणापुरता एक धरणारा होत असल्याने उत्तर अपेक्षेपेक्षा एकाने जास्त येते.

रीत समजायला सोपी आणि वागायला तत्पर, पण एका जागी ती हमखास फसते. समजा, प्रत्येक तिकिटाकडे आपल्या आरक्षणाचा पत्ता आहे आणि आरक्षणाकडे तिकिटाचा. दोन्ही याद्यांनी हात सोडले तरी ही जोडी एकमेकांना धरून बसते. दोघांचाही आकडा एक, शून्य कधीच होणार नाही. पायथॉनने २००० मध्ये आलेल्या २.० या आवृत्तीत अशी वर्तुळे शोधणारी वेगळी यंत्रणा जोडली. ॲपलच्या स्विफ्ट भाषेत मात्र प्रोग्रॅमरनेच सांगावे लागते, की आरक्षणाने तिकिटाला धरलेला हात मोजू नका. जबाबदारी फिरून पुन्हा माणसाच्या दारात.

> चौकट : कोणाचा रिवाज काय
> सी प्लस प्लस म्हणते, मालक तू, संपवणारही तूच. पायथॉन पत्ते मोजत राहते आणि वर्तुळांसाठी वेगळा फेरफटका मारते. जावा मोजत नाही. अधूनमधून सगळी मेमरी धुंडाळून जे कुणाच्याच हाती लागत नाही त्याची जागा परत घेते. २०१५ मध्ये १.० झालेली रस्ट ही भाषा प्रत्येक ऑब्जेक्टला एकच मालक असावा असा नियम घालते आणि तो मोडणारा प्रोग्रॅम चालवण्यापूर्वीच नाकारते. पण आपल्या दोन याद्यांसारखी खरीच सामायिक मालकी हवी असेल, तर रस्टमध्येही पत्ते मोजण्याकडेच वळावे लागते.

सापडते ते सगळे लागते?

दुसरी वाट जॉन मॅकार्थी यांची, लिस्प भाषेसाठी, तीही १९६० चीच. तिला कचरा-वेचणी म्हणू. प्रोग्रॅम या क्षणी ज्यांना थेट ओळखतो अशा पत्त्यांपासून सुरुवात करायची, तिथून पुढच्या, तिथून आणखी पुढच्या ऑब्जेक्टपर्यंत जायचे आणि वाटेत भेटेल त्यावर खूण करायची. जिथे कुठूनच पोचता आले नाही तो कचरा. एकमेकांना धरून बसलेली तिकीट-आरक्षणाची जोडी इथे आपोआप उघडी पडते, कारण त्यांच्यापर्यंत जाणारी बाहेरची वाट तुटलेली असते.

स्ट्राउस्ट्रुप यांचा ८० टक्के वेळ जिने खाल्ला ती हीच पद्धत ना, मग जावासारख्या भाषा तिच्यावर चालतात कशा? १९८४ मध्ये डेव्हिड अंगर यांनी एका निरीक्षणाचा फायदा घेतला: बहुतेक ऑब्जेक्ट अल्पायुषी असतात. तिकीट छापताना तयार होणारे मजकुराचे तुकडे छपाईबरोबर निकामी होतात; दिवसभर टिकतात ती थोडी. म्हणून नव्या ऑब्जेक्टना वेगळा विभाग द्यायचा आणि तोच वरचेवर तपासायचा. जावात या विभागाच्या एका भागाला ईडन असे बायबलातले नाव आहे. तिथे कचरा उचलतच नाहीत. जिवंत सापडतील तेवढी ऑब्जेक्ट दुसरीकडे हलवतात आणि उरलेला विभाग सरसकट मोकळा धरतात. मेलेल्यांना हातही लावावा लागत नसल्याने खर्च फक्त वाचलेल्यांचा.

यावरून प्रश्न मिटला असे पुष्कळांना वाटते. मिटलेला नाही. वेचणारी यंत्रणा ‘पोचता येते का’ एवढेच पाहते. आपल्याला हवे असते ‘लागणार आहे का’. ‘आजची तिकिटे’ या यादीतून कालची, परवाची तिकिटे काढायला कुणी विसरले, तर जावाच्या दृष्टीने ती सगळी जिवंत आहेत. पत्ता आहे, पोचता येते, मग उचलायची कशी?

याच फटीवर मुंबईत महत्त्वाचे काम झाले. तेव्हा आयआयटी मुंबईत असलेले उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि अमेय करकरे यांचा त्यावरचा शोधनिबंध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांची दिशा अशी: प्रोग्रॅम चालण्याआधीच वाचायचा आणि प्रत्येक ठिकाणी विचारायचे, की इथून पुढे कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या वाटेने, कुठवर जाण्याची शक्यता आहे? ज्या वाटांवर पुन्हा जायचेच नाही, त्यांच्या सुरुवातीचा पत्ता तिथल्या तिथे कोरा करणारी ओळ प्रोग्रॅममध्ये घालून द्यायची. समजा, प्रोग्रॅमने दिवसभराच्या तिकिटांची बेरीज केली आणि मग तासभर अहवाल छापत बसला. बेरजेनंतर यादी कुठेच वापरलेली नसेल, तर बेरजेच्या लगेच खाली ‘यादी कोरी’ अशी ओळ येते आणि छपाई चालू असतानाच यंत्रणा ती तिकिटे उचलून नेते. अडचण अशी, की एका तिकिटाकडून पुढच्याकडे, त्याच्याकडून आणखी पुढच्याकडे अशा वाटा कितीही लांब असू शकतात. सगळ्या लिहून काढणे अशक्य. म्हणून त्यांनी अशा अनंत वाटांचा गोषवारा एका मर्यादित आलेखात मांडण्याची रीत बसवली.

तरीही उत्तर नेहमी अंदाजाच्या सुरक्षित बाजूला राहते. प्रोग्रॅम पुढे नेमके काय करील हे सर्व प्रोग्रॅमांसाठी आधीच सांगणारी पद्धत असू शकत नाही, या निष्कर्षाची मुळे ॲलन ट्युरिंग यांच्या १९३६ च्या कामात आहेत. शंका आली की ऑब्जेक्ट ठेवायचे, एवढेच कुठल्याही यंत्रणेला करता येते. ‘मेमरी स्वस्त झाली, राहू दे की पडून’ हा आक्षेप इथे हमखास येतो. तासाभरात आटोपणाऱ्या प्रोग्रॅमला तो मान्य करावा. महिनोन् महिने न थांबता चालणाऱ्या सर्व्हरवर मात्र रोज थोडे साचत गेलेले कितीही मोठी मेमरी भरून टाकते. मोठी मेमरी दिवस फक्त पुढे ढकलते.

मेमरीपलीकडचे

शिवाय ऑब्जेक्टने अडवलेली गोष्ट प्रत्येक वेळी मेमरीच असते असे नाही. कुणी उघडी फाइल धरून असते, कुणी बँकेशी जोडलेली लाइन, कुणी छपाईयंत्रावरचा ताबा. मेमरी भरत आली की वेचणी सुरू होते, पण बँकेच्या लाइन संपत आल्या हे तिला कळतही नाही. जावाने सुरुवातीला ‘फायनलाइझ’ नावाची सोय दिली होती: ऑब्जेक्ट उचलण्यापूर्वी हा कोड चालेल, त्यात आवराआवर करा. तो कधी चालेल याची हमी नव्हती, मुळात चालेलच याचीही नव्हती. अखेर २०१७ मध्ये जावा ९ ने ती सोय वापरू नका असे सांगितले आणि २०२२ मध्ये जावा १८ ने ती काढून टाकण्याच्या यादीत घातली. तिच्या जागी तोवर रुळले होते ते कोडच्या ठरावीक तुकड्याला बांधलेले आयुष्य: पायथॉनमध्ये २००६ पासून ‘विथ’, जावात २०११ पासून त्याच धाटणीची रचना. फाइल या तुकड्यात उघडली आणि तुकडा संपला की बंद. म्हणजे कचरा-वेचणीवर उभ्या असलेल्या भाषाही मेमरी सोडून बाकी सगळ्यासाठी सी प्लस प्लसच्या जुन्या वाटेने गेल्या. मला यात पराभव दिसत नाही, पण ‘आता संपवण्याची काळजी नको’ ही जाहिरात मात्र खोटी ठरली.

एखाद्या ग्राहकाने पाच जणांचे आरक्षण सुरू केले आणि पैसे न भरता मोबाइल खिशात टाकला, तर मेमरीतले तिकीट-ऑब्जेक्ट यंत्रणा यथावकाश उचलून नेते. डेटाबेसात पाच जागा ‘राखून ठेवलेल्या’ अशी ओळ मात्र तशीच राहते, कारण ती हीपमध्ये नाही आणि वेचणी तिथे जात नाही. तिच्यासाठी मुदत घालावी लागते आणि मुदत संपलेल्या ओळी काढणारा कोड वेगळा लिहावा लागतो. ती मुदत दहा मिनिटांची की वीस, हे कुठलीच भाषा सांगत नाही. भर उन्हात क्यूआर कोड उघडत बसलेल्या माणसाला पैसे भरायला किती वेळ लागतो, ते खिडकीपाशी उभे राहून पाहावे लागते.